डीजे शिकायचाय? आधी समेवर या

आमच्याकडं ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे. बेळगावपासून निपाणीपर्यंत, आणि तिकडं खानापूरच्या कुठल्याही गावात, ‘यंदा डीजे आणलाय’ असं कुणी म्हणालं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत समजायची. त्याच भिंतीला ‘डॉल्बी’ही म्हणतात. गंमत बघा, रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. आवाज स्वच्छ करणाऱ्याचं नाव आपण खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या भिंतीला चिकटवलं. असो. हा लेख त्या भिंतीबद्दल नाही. तिच्यामागं उभं राहून, हेडफोन एका कानाला दाबून जो पोरगा (आता पोरीही येऊ लागल्यात) एका गाण्यातून दुसरं गाणं काढतो, त्याचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे.

माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, कुठलं मशीन घेऊ?” गाणं कसं मोजायचं, हे आजवर एकानंही आधी विचारलेलं नाही. खरं तर तेच आधी सांगायला हवं. पण मशीनचं सांगितल्याशिवाय कुणी पुढं वाचणार नाही, म्हणून तिथूनच सुरू करू.

मशीन

बाजारात तीन जाती आहेत.

पहिली सुटे प्लेअर. दोन प्लेअर आणि मधे दोन्हींचा आवाज मिसळणारा मिक्सर. पायोनियरचे सीडीजे हे त्यातलं सगळ्यात चालणारं नाव. नावात सीडी आहे, पण २०२० साली आलेल्या सीडीजे-३००० मध्ये सीडी घालायची फटच नाही. सगळं पेन ड्राइव्हवर, कार्डवर किंवा केबलनं. एका प्लेअरची किंमत लाखाच्या वर जाते, आणि एकानं भागत नाही. नवशिक्यानं हे विकत घेणं म्हणजे गाडी शिकायला व्होल्वो घेणं.

दुसरी जात कंट्रोलर. दोन चकत्या, मधे मिक्सर, सगळं एकाच पाटावर. पण त्याला स्वतःचा मेंदू नसतो. गाणी लॅपटॉपवर, सॉफ्टवेअर लॅपटॉपवर. पाट नुसता हात चालवायला. नवशिक्यानं हेच घ्यावं.

तिसरी जात ऑल-इन-वन. कंट्रोलरसारखाच पाट, पण स्क्रीन आणि मेंदू आतच. पेन ड्राइव्ह लावा आणि वाजवा, लॅपटॉप नको. पायोनियरची एक्सडीजे-आरएक्स मालिका यातली. लग्नाची कामं नियमित यायला लागली की घ्यायला हरकत नाही. आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो. लॅपटॉपला निदान बॅटरी असते, या पाटाला ती नसते, म्हणून त्याच्या जोडीला छोटा यूपीएस घ्यावाच लागतो. हा खर्च धरून हिशोब करा.

आता कंट्रोलरमध्ये कुठला, तर पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ नवशिक्याला पुरतो. दोन चॅनेल (म्हणजे एका वेळी दोन गाणी), लॅपटॉपच्या यूएसबीवरच वीज घेतो, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतो, आणि बटणांची मांडणी मोठ्या सीडीजेच्या वळणाची आहे. म्हणजे उद्या चोर्ला घाट उतरून गोव्यात कुणी हाक मारली आणि समोर सीडीजे दिसले, तर हात चाचपडत नाही. हर्क्युलिसचा इनपल्स ३०० स्वस्तात मिळाला तरी चांगला. त्यावर गाणं पुढं पळतंय की मागं राहिलंय हे दाखवणारे दिवे आहेत. सुरुवातीला ते दिवे मदत करतात. नंतर बघायचे नसतात.

घेताना एक गोष्ट कधीही सोडू नका: हेडफोनचं भोक. काही अगदी स्वस्त, छोट्या कंट्रोलरना ते नसतं. पायोनियरचाच डीडीजे-२०० बघा. त्यात स्वतःचं साऊंड कार्ड (आवाज बाहेर काढणारा भाग) नाही, म्हणून सोबत एक फाटे फोडणारी केबल देतात. एका फाट्यातून लोकांना आवाज, दुसऱ्यातून तुमच्या हेडफोनला, आणि दोन्हीकडं मोनो (डावा-उजवा वेगळा नाही). घरात चालतं. मांडवात नाही. लोकांना ऐकू न जाता पुढचं गाणं आपल्या कानात जुळवता आलं पाहिजे, मिक्सिंगचा सगळा धंदा त्या एका भोकावर उभा आहे.

जुनं घेत असाल तर बघायच्या जागा सांगतो. टेम्पोची पट्टी, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी, अगदी मध्यावर आणा. स्क्रीनवर शून्य दिसतंय का? हात न लावता आकडा थरथरतोय का? प्ले आणि क्यूचं (गाणं ठरवलेल्या जागेवर आणून उभं करणारं) बटण हलकं दाबून लागतंय की अंगठा रोवावा लागतो? क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं बारीक झिरपतंय का, ते हेडफोन मोठा करून ऐका. यूएसबीची केबल लावून हलवा. आवाज तुटला तर तो सौदा सोडा. आणि फेडर (प्रत्येक गाण्याचा आवाज कमी-जास्त करणारी उभी पट्टी) वरखाली करताना कर्रकर्र झालं तर समजा, ह्या मशीननं वराती भरपूर पाहिल्यात. खानापूरकडची तांबडी माती आणि अथणीकडची काळी, दोन्ही फेडरच्या फटीत जाऊन बसतात. फुंकर मारून निघत नाही, दिसेल ते तेल मारून तर मुळीच नाही. काम संपलं की वर कापड टाकायचं, हा एकच उपाय.

हेडफोन वायरचाच, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथचा चालत नाही. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ठोका जुळवायच्या कामात तो उशीर सगळी वाट लावतो.

एवढाही खर्च नको असेल, तर मिक्स (इंग्रजीत Mixxx, तीन एक्स) नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवा आणि महिनाभर कीबोर्डवर खेळा. लॅपटॉपला एकच साऊंड कार्ड असेल तर हेडफोनमध्ये वेगळं ऐकता येणार नाही, पण मोजायला तर शिकाल. आणि महिन्याभरात कंटाळलात, तर पैसे वाचले.

मोजणी

गेल्या पावसाळ्यात अनगोळचा एक पोरगा नवाकोरा कंट्रोलर घेऊन आला. यूट्यूबवर बघून सगळी बटणं पाठ. इफेक्ट मारायचा, हॉट क्यू (गाण्यातल्या खूण केलेल्या जागेवर उडी मारणारं बटण) बडवायचा, हात नुसता भिरभिरत होता. मी म्हटलं, हे सगळं राहू दे, चालू असलेल्या गाण्यावर हातानं टाळी दे आणि तोंडानं आकडे मोज. बत्तिसाव्या आकड्यानंतर गाण्यात काहीतरी बदलेल ते सांग. तीनदा चुकला. चौथ्यांदा म्हणाला, “दादा, हे आमच्या भजनात असतंय की!”

असतंयच. त्या दिवसापासून मी हेच शिकवतो. ज्यानं एकादशीला देवळात टाळ धरलाय, लेझमीत पाय टाकलाय किंवा हलगीपुढं नाचलाय, त्याला मिक्सिंगचं निम्मं अंगात असतं, फक्त नावं वेगळी.

नाचाच्या बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचा एक गट असतो. एक-दोन-तीन-चार. सिनेमाच्या गाण्यात त्या चार ठोक्यांत केरव्याचं एक आवर्तन बसतं. पहिला ठोका म्हणजे आपली सम. असे आठ गट, म्हणजे ३२ ठोके झाले की गाणं कूस बदलतं: मुखडा संपतो, म्युझिक पीस सुरू होतो, ढोल शिरतो, नाहीतर सगळं थांबून नुसता आवाज उरतो. कधी १६ वरच बदलतं. आमच्याकडच्या गाण्यांत मधेच चार ठोके जास्तीचेही टाकलेले असतात. गायकाला दम घ्यायला जागा ठेवलेली असते. म्हणून यंत्रावर विसंबू नका, मोजा.

नवं गाणं जुन्या गाण्याच्या समेवर आणायचं. आणि नुसत्या कुठल्यातरी समेवर नव्हे, कूस बदलते त्या समेवर. भजनात बुवांनी चाल बदलताना पखवाजी समेवर येऊन जसा उचलतो, तसंच. लोकांना कळत नाही तुम्ही काय केलंत, पण पाय थांबत नाहीत. अधल्यामधल्या ठोक्यावर गाणं सोडलं तर ठोका जुळलेला असूनही नाचणारे अर्धा क्षण गोंधळतात. तो अर्धा क्षण मांडवात लांबून दिसतो.

एक आठवडा एवढंच करा. मशीन बंद. एसटीत, स्कूटरवर, शेजारच्या बारशात, जिथं गाणं ऐकू येईल तिथं मोजा.

दोन गाणी, एक ठोका

आता हात लावू. ‘सिंक’ नावाचं बटण दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप एक करतं. ते वाईट नाही, मीही कामावर वापरतो. पण पहिला महिना ते बंद ठेवा आणि वेगाचा आकडा दिसतो तिथं स्क्रीनवर कागदी टेप लावा. नाहीतर कान कधीच कामाला लागत नाही.

चालू गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं आहे, पुढचं १२७ चं. (तुम्हाला हे आकडे दिसणार नाहीत, टेप लावलीय, मला समजावायला लागतात.) पुढच्या गाण्याचा वेग साधारण २.४ टक्के खाली यायला हवा. टेम्पोच्या पट्टीची रेंज ६ किंवा १० टक्क्यांवर ठेवा. रेंज मोठी ठेवली तर पट्टी केसभर हलली तरी वेग उडी मारतो.

पुढच्या गाण्याचा पहिला दणका शोधा. चकती हातानं मागंपुढं करून ठोक्याच्या अगदी तोंडाशी थांबा आणि तिथं क्यू लावा. हेडफोन एका कानाला. दुसरा कान मांडवातल्या गाण्याकडं मोकळा. मोजत राहा, आणि सम येताच प्ले दाबा.

पहिले दोन-चार ठोके बरे वाटतील. मग ‘धम्’ ऐवजी ‘धडम्’ ऐकू येईल, मग ‘धड-धम्’. दोन ठोके सुटायला लागले. आता कुठलं गाणं पुढं पळतंय? सुरुवातीला हे ओळखता येत नाही, कुणालाच नाही. म्हणून अंदाजानं चकतीच्या कडेला बोट लावून नव्या गाण्याला जरा पुढं ढकला. ठोके जवळ आले तर ते मागं पडत होतं, म्हणजे पट्टीवर वेग किंचित वाढवा. आणखी लांब गेले तर ते पळत होतं. चकती मागं ओढा आणि वेग कमी करा. ढकलून तेवढ्यापुरतं जुळतं, पट्टी हलवली तरच टिकतं. जोडीतला एक बैल मागं राहिला की नुसतं शेपूट पिरगाळून चालत नाही, जू सारखं करावं लागतं, तसला प्रकार.

किती बारीक जुळायला हवं? वेगात ०.२ चा फरक राहिला, समजा १२४ आणि १२४.२, तर मिनिटभरात दोन गाणी एकपंचमांश ठोक्यानं सुटतात. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं. ऐकायला एवढंसं वाटतं, पण मांडवात ते घोडा अडखळल्यासारखं वाजतं. मात्र मिक्स वीस सेकंदांत उरकणार असाल तर तेवढ्यात काही बिघडत नाही. लांब मिक्सला बारीक जुळणी, छोट्या मिक्सला थोडी ढील.

हे पहिल्या दिवशी जमणार नाही. मला तीन आठवडे लागले, आणि घरच्यांना ती दोन गाणी आजही नको आहेत. सुरुवातीला एकच गाणं दोन्ही बाजूंना घ्या आणि एकाचा वेग मुद्दाम हलवून परत जुळवा. आवाज सारखेच असल्यानं फक्त ठोक्याकडं लक्ष राहतं.

बास आणि फेडर

ठोका जुळला म्हणून फेडर लगेच वर ढकलू नका. आधी गेन, म्हणजे फेडरपाशी पोचण्याआधीच गाण्याची उंची ठरवणारं बटण. प्रत्येक गाणं वेगळ्या उंचीवर रेकॉर्ड केलेलं असतं. जुनं गाणं दबलेलं, नवं छातीवर येणारं. हेडफोनमध्ये ऐकताना दोन्ही मीटर सारखे चढतील असा गेन लावा. दिवे हिरव्यात, टोकाला केशरी. लाल नको. लाल झालं म्हणजे आवाज वाढला असं नाही, आवाजाची टोकं कापली गेली. कापलेला आवाज आणि फुटका ट्वीटर यांचं नातं साऊंडवाल्याला विचारा; तो पैशांत सांगेल.

मग बास. प्रत्येक चॅनेलवर तीन गोल बटणं असतात, वरचा, मधला आणि खालचा आवाज. नव्या गाण्याचं खालचं बटण पूर्ण डावीकडं फिरवून ठेवा, आणि मग फेडर हळूहळू वर. लोकांना नव्या गाण्याची फक्त झांज, टाळी, किणकिण ऐकू येते. ३२ ठोके असेच जाऊ द्या. पुढच्या समेवर दोन्ही हात एकदम: जुन्याचा बास डावीकडं, नव्याचा बास मध्यावर. त्या क्षणी जमिनीतून येणारा दणका एका गाण्याचा दुसऱ्याला जातो. दोन्ही बास एकत्र ठेवले तर नुसता गडगडाट होतो. एका म्यानात दोन तलवारी. पुढच्या १६ ठोक्यांत जुन्याचा फेडर खाली.

मला विचाराल तर सगळ्या कामात हा दोन हातांचा पालट सगळ्यात गोड. बाकी इफेक्ट वगैरे लोणचं. ताटात एका बाजूला, चमचाभर.

आणि दोन गळे एकत्र नकोत. एकाचा मुखडा चालू असताना दुसऱ्याचा अंतरा सुरू झाला, तर ठोका कितीही जुळू दे, ते बाजारातलं भांडण वाटतं. इथंच आपल्या गाण्यांची अडचण येते. परदेशी नाचाच्या गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठोका दिलेला असतो, मिक्स करणाऱ्यासाठी मोकळं अंगण. मराठी, हिंदी, कन्नड गाण्यांत ते कुठलं? आलापानं उघडतात आणि शेवटाला हळूहळू विरतात. म्हणून गाण्याच्या पोटातलं अंगण शोधा. म्युझिक पीसमध्ये नुसती ढोलकी किंवा नुसता ठोका वाजतो अशी चार-आठ ठोक्यांची जागा असते. तिथं लूप लावायचा, म्हणजे तेवढाच तुकडा परत परत वाजवायचा, तो फिरत ठेवायचा, त्यावर नवं गाणं आणायचं. आणि नव्या गाण्याचा मुखडा जिथं सुरू होतो तिथं हॉट क्यू आधीच ठोकून ठेवायचा. ही तयारी घरी करायची, मांडवात नाही.

दोन गाण्यांचे सूर भांडतात का, हेही एक असतं. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याला ८ए, ९ए, ८बी असा खुणेचा आकडा देतं. तोच आकडा, शेजारचा आकडा, किंवा त्याच आकड्याचं दुसरं अक्षर असेल तर सूर बहुधा जमतात. वेग बदलताना सूर हलू नये म्हणून मास्टर टेम्पो चालू ठेवा. सहा महिन्यांनी याकडं वळा, आत्ता नाही.

लावणी आली की

हे शिकवणाऱ्या व्हिडिओंत कधी सांगत नाहीत. हळदीत कधी ना कधी एक काकू येऊन सांगणारच, “लावणी लाव की रे.” त्यातल्या बऱ्याच लावण्या सहा मात्रांच्या असतात, दादऱ्याच्या चालीतल्या. चार ठोक्यांच्या गाण्यावर सहाचं गाणं चढवणं म्हणजे बैलगाडीचं चाक स्कूटरला. सॉफ्टवेअर तर सगळं चाराच्याच हिशोबात बघतं. दादऱ्याच्या गाण्याचा वेग ते दीडपट नाहीतर दोन-तृतीयांश सांगतं आणि तुम्ही सिंक दाबलं की सगळं कोलमडतं.

इथं मिसळायचं नाही, तोडायचं. चालू गाणं कूस बदलते त्या समेवर एको टाकून बंद करा. प्रतिध्वनी विरेपर्यंत एक श्वास शांतता ठेवा. मग ढोलकीचा पहिला तोडा सोडा. ती शांतता चूक वाटत नाही, उलट बायका तेवढ्यात पदर खोचतात. परत येतानाही तसंच. कडकडीत हलगीचा एक तुकडा वेगळी फाईल म्हणून जवळ ठेवलात तर मधल्या उडीला तो पूल होतो.

जुन्या गाण्यांचंही असंच. पूर्वी वाजवणारे सगळे एका खोलीत बसून वाजवायचे, घड्याळ लावून नव्हे. अंतऱ्यात जरा वेग चढतो, मुखड्यात उतरतो. सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठोक्यांच्या रेषा गाण्याच्या मध्यावर पोचेपर्यंत सरकलेल्या असतात. अशा गाण्यावर सिंक लावू नका. आठ ठोक्यांत मिक्स संपवा, चकतीवर बोट ठेवूनच.

पिशवी

बेळगावात एकाच मांडवात मराठी, कन्नड, हिंदी आणि कधी कोकणीही बोलणारे पाहुणे असतात. मुलाकडचे निपाणीचे, मुलीकडचे धारवाडचे, हे रोजचं. कन्नड गाणी ‘मागितली तर बघू’ म्हणून ठेवू नका, मागायच्या आधी एक लागलं पाहिजे. पुढच्या रांगेतल्या आजोबांचा पाय हलला की अर्धं काम झालं.

गाणी ३२० केबीपीएसची घ्या (हा आकडा मोठा तेवढा आवाज जास्त शाबूत). मिनिटाला साधारण २.४ एमबी, म्हणजे चार मिनिटांचं गाणं दहा एमबीच्या आतच. व्हॉट्सअॅपवर आलेलं गाणं मोबाईलवर बरं वाटतं. तेच मोठ्या स्पीकरवर पत्र्यासारखं वाजतं. १२८ च्या फाईलला ३२० म्हणून परत सेव्ह केलं तरी गेलेला आवाज परत येत नाही, फाईल नुसती फुगते.

पेन ड्राइव्हचा धडा मी खानापूरजवळच्या एका हळदीत शिकलो. भाड्याचे सीडीजे, समोर दोनशे माणसं, आणि माझा ड्राइव्ह मशीन ओळखेना. एनटीएफएस नावाच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. असे प्लेअर ते वाचत नाहीत. त्या रात्री पहिला अर्धा तास बॅन्जो पार्टीनं राखला, देव त्यांचं भलं करो. तेव्हापासून ३२ जीबीचे दोन ड्राइव्ह, दोन्ही फॅट३२ मध्ये, दोन्हींवर सारखीच गाणी, रेकॉर्डबॉक्समधून नीट एक्सपोर्ट केलेली. नुसती कॉपी-पेस्ट केली तर गाणी वाजतात, पण तुमचे क्यू आणि याद्या येत नाहीत.

लॅपटॉप असेल तर कामावर जाण्याआधी वायफाय बंद, अपडेट बंद, झोपी जाणं बंद. हे लिहायला एक ओळ लागते, पण ऐन वरातीत निळा स्क्रीन फिरताना बघितला की जन्मभर लक्षात राहतं.

कंट्रोलर ते साऊंडवाल्याचा मिक्सर यातली वायर लहान ठेवा. छोट्या कंट्रोलरना मागं लाल-पांढऱ्या आरसीएच्या जागा असतात. ती वायर लांबवली की जनरेटरची गुणगुण आत शिरते. अंतर जास्त असेल तर मधे डीआय बॉक्स (गुणगुण न शिरू देता आवाज लांब धाडणारी डबी) लावून पुढं एक्सएलआर, म्हणजे माईकला असते तसली तीन पिनांची वायर, न्या. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली, तर अर्थिंगची भानगड आहे, साऊंडवाल्याला सांगा. त्याच्याशी भांडू नका. त्याच्या हाताखाली एक हंगाम वायरी गुंडाळल्यात तर व्हिडिओंपेक्षा जास्त शिकाल.

रात्रीचे दहा

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम देशभर लागू आहेत, घाटाच्या अल्याडपल्याड फरक नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. सणासमारंभासाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. कुठले दिवस ते दरवर्षी जाहीर होतं. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा, सरकारनं तसा जाहीर केला असेल तर, शांततेचा. गणपतीत किंवा शिवजयंतीत मंडळाला मिळालेला परवानगीचा कागद बहुधा कन्नडमध्ये असतो. ‘आहे रे परवानगी’ यावर जाऊ नका, वाचता येणाऱ्याकडून वेळ आणि जागा वाचून घ्या. हवालदार आला की अध्यक्ष गर्दीत मिसळतो. मशीनपाशी तुम्हीच उभे असता.

कानाचंही गणित आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. तुम्ही भिंतीमागं चार-चार तास उभे राहणार. इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला, पोरं हसली तर हसू देत. या धंद्यातल्या माझ्या वयाच्या दोघांना आता घरात टीव्ही मोठा लागतो.

सुरुवात नात्यातल्या हळदीनं करा. पैसे मिळणार नाहीत, जेवण मिळेल, आणि चुकलात तर मामा पाठीवर थाप मारून सोडून देईल. वाजवलेलं सगळं रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. त्याच रात्री ऐकू नका, सगळं भारीच वाटतं. दोन दिवसांनी ऐका आणि ठोका कुठं सुटला ते मिनिटासकट वहीत लिहा.

चालू करताना आधी कंट्रोलर, मग मिक्सर, अॅम्प सगळ्यात शेवटी. बंद करताना अॅम्प सगळ्यात आधी, नाहीतर स्पीकरमध्ये जो ‘धप्’ आवाज होतो त्याचं बिल येतं. आणि निघताना पेन ड्राइव्ह काढून घ्या. माझे तीन अजून कुठल्या कुठल्या भाड्याच्या प्लेअरला लटकलेले असतील.